पंच्याण्णव अंशांची धास्ती
घरी जुळवलेल्या संगणकाचे मालक हल्ली काम कमी आणि तापमानाचा आकडाच जास्त बघतात. एएमडीच्या २०२२च्या रायझन ७००० मालिकेतले वरचे प्रोसेसर पूर्ण भारावर ९५ अंश सेल्सियसपर्यंत जातात. ते बनवलेच तसे आहेत. तरी आकडा दिसताच आणखी दोन पंखे येतात आणि खोलीत पिठाची गिरणी सुरू होते. ‘थंड ठेवला तर जास्त टिकेल ना?’ टिकेलही, पण कुठलाच पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, आणि मे महिन्यात नागपूरची खोलीच चाळिशी गाठते. त्यापेक्षा बायोसमध्ये १०५ वॉटचा इको मोड लावला, की वीज घटते, उष्णता घटते, पंखे शांत होतात. वेग मात्र थोडासाच कमी होतो. अडचण एवढीच, की या फुकटच्या उपायाला काचेतून दिसणारे रंगीत दिवे नसतात!