सुप्याच्या चिखलात चारही चाकं

चारचाकी गाडीला चार चाकं असतात हे आमच्या साडूंनी कधीच मान्य केलं नाही. त्यांच्या मते तुमच्या-आमच्या गाडीला दोनच चाकं असतात. उरलेली दोन गाडी फरफटत जाऊ नये म्हणून लावलेली. इंजिनाची ताकद चारही चाकांना पोचते ती गाडी, बाकीची नुसती वाहनं. २०१४ साली डस्टर ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये आली आणि साडूंच्या आयुष्याला दिशा मिळाली. गाडी दारात आल्यापासून मुंज असो, बारसं असो की तेराव्याचं जेवण, पंगतीत विषय एकच. वास्तविक ही गाडी बेळगावच्या टिळकवाडीतून निघते, कँपातल्या कचेरीत जाते आणि संध्याकाळी परत येते. वाटेत सर्वांत बिकट अडथळा म्हणजे दोन गतिरोधक.

गिअरच्या दांड्यापुढे एक गोल खटका आहे. त्यावर तीन जागा: टू-डब्ल्यूडी, ऑटो आणि लॉक. पहिल्यावर गाडी पुढच्या चाकांवर चालते. ऑटोवर पुढची चाकं घसरू लागली की मागच्यांना आपोआप बोलावणं जातं. लॉकवर पुढची-मागची दोघं जोडीनं ओढतात. या लॉकला साडूंनी कधी हात लावला नव्हता. "ते प्रसंगाला असतंय," एवढंच म्हणायचे. प्रसंग काही येत नव्हता.

तो आला डेन्व्हरहून. म्हणजे त्यांचा भाचा आला. त्याच्याकडे सुबारू डब्ल्यूआरएक्स. दिसायला साधी चार दारांची मोटार, पण आत २.४ लिटरचं टर्बो इंजिन, २७१ अश्वशक्ती, आणि चारही चाकं सदैव कामावर. त्या इंजिनात सिलिंडर उभे नसून एकमेकांकडे पाठ करून आडवे निजलेले असतात, हे त्यानं मला इडलीच्या ताटलीत चमचे मांडून समजावलं. मला समजलं, पण इडली गार झाली. भाचाही सध्या 'अपग्रेड'च्या विचारात आहे. टोयोटाची जीआर कोरोला घ्यावी, तर तीनच सिलिंडर पण ३०० अश्वशक्ती. फोक्सवॅगनची गोल्फ आर घ्यावी, तर ३२८. या दोन आकड्यांमधल्या अठ्ठावीस घोड्यांनी त्याची झोप उडवली आहे. त्याच्या आईनं व्हिडिओ कॉलवर विचारलं, "काही ठरलं का रे?" तर हा म्हणाला, "अजून कंपेअर करतोय." ती बिचारी मुलींबद्दल विचारत होती.

मामा-भाच्यांचं जुंपलं ते सुबारू भारतात कधी आलीच नाही या वाक्यावरून. साडू उसळले. "आली होती की! फॉरेस्टर. दोन हजार चार-पाचच्या सुमारास. फक्त शेव्हरोलेच्या नावानं." ही गोष्ट खरी आहे. जनरल मोटर्सनं जपानची फॉरेस्टर इथं आणली, पण बोनेटवर शेव्हरोलेचं चिन्ह लावून. दत्तक गेलेल्या मुलासारखं आडनाव बदललं, चेहरा तोच. ती फार खपली नाही. भाच्यानं मान्य केलं, पण वर म्हणाला, "मामा, तुमची डस्टर सॉफ्ट-रोडर आहे. रिअल कंडिशनमध्ये टिकणार नाही."

मेव्हणीनं कपाळाला हात लावला. साडूंनी चहाचा कप खाली ठेवला. "तुमच्यात बर्फ, आमच्यात चिखल. चल, सुप्याला जाऊया."

मोबाइलला सुपा विचारलं तर त्यानं सरळ पुण्या-नगरच्या रस्त्यावर, पारनेर तालुक्यातल्या सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत नेऊन उभं केलं. पुन्हा विचारलं तर बारामतीजवळचं सुपे दाखवलं. आम्हाला हवं ते उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यातलं. ते मोबाइलला चटकन सापडलं नाही यात त्याचा दोष नाही. ते पाण्याखाली आहे.

ऑगस्टचा पाऊस अंगावर घेत बेळगाव, खानापूर, लोंढा केलं. वाटेत साडूंच्या स्वतःच्या अपग्रेडचीही चर्चा झाली, कारण गाडीवाल्याला आपली गाडी कितीही प्रिय असली तरी पुढची कुठली हा प्रश्न त्याला सुटत नाही. जिम्नी म्हटली तर तिला खरा लो-रेंजचा दांडा आहे, पण मागची सीट उभी ठेवली तर डिकी २०८ लिटर. मेव्हणी म्हणाली, "त्यात कुंद्याचा डबा बसेल. मग आपण कुठं बसायचं?" ग्रँड व्हिटारा म्हटली तर ऑल-व्हील-ड्राइव्हला चार तऱ्हा: ऑटो, स्पोर्ट, स्नो आणि लॉक. 'स्नो' ऐकताच मेव्हणी मागून म्हणाली, "जोयड्यात बर्फ पडला की घेऊया." पुढचे दहा किलोमीटर गाडीत फक्त वायपर बोलत होता.

लोंढ्यापुढे रामनगर लागतं. सुपा धरणात घरं-शेतं गेलेली बरीच माणसं इथं वसवली. तिथून जगलबेटवरून जंगलात शिरलं की गणेशगुडी. काळी नदीवरचं सुपा धरण इथं आहे: १०१ मीटर उंच, ३३२ मीटर लांब, १९८७ साली पुरं झालेलं. त्याच्या पायथ्याच्या वीजघरात ५० मेगावॅटचे दोन संच आहेत. भाच्यानं लगेच मोबाइलवर हिशेब केला. शंभर मेगावॅट म्हणजे एक लाख चौतीस हजार अश्वशक्ती. "मामा, हे जवळजवळ पाचशे डब्ल्यूआरएक्स झाले!" अमेरिकेला जाऊन पोरगं मोजायला शिकलं, पण माप तेवढं एकच घेऊन आलं. साडूंना मात्र पहिल्यांदाच त्याच्याविषयी आपुलकी वाटली. कारण त्यांच्याही मनात तोच हिशेब चालू होता, फक्त डस्टरमध्ये.

फाट्यावरच्या टपरीत चहा घेताना एक म्हातारे कुणबी गृहस्थ बाकावर बसले होते. खांद्यावर कांबळं, त्यातून पाण्याचे थेंब बाकावर आणि बाकावरून माझ्या बुटात. मी विचारलं, "सुपा गाव कुठं?" त्यांनी हनुवटीनं जलाशयाकडं दाखवलं. काळी आणि पांढरी या दोन नद्या जिथं मिळायच्या तिथं सुपं होतं. तालुक्याचं ठाणं. जोयडा तालुक्याला त्या काळी सुपा तालुकाच म्हणत. पाणी चढलं, कचेऱ्या जोयड्याला गेल्या, माणसं मिळेल तिकडं गेली.

"आम्ही बैलगाडीनं जायचो बाजाराला," ते म्हणाले. मग आमच्या डस्टरकडं बघून म्हणाले, "आता कसलीबी गाडी आणा. जाता येत नाय."

साडूंनी त्या वाक्यावर काही म्हटलं नाही. चहाचे पैसे दिले, म्हाताऱ्यांचेही.

जोयड्यापुढे आम्ही ज्यांच्याकडं उतरणार होतो त्यांचं घर डांबरी सोडून दीड-दोन किलोमीटर आत, एका वाडीवर. मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या, मधे गवत आणि शेवटी एक चढ. चढ म्हणजे काही हिमालय नव्हे. पण महिनाभर पाऊस पिऊन तांबडी माती लोण्यासारखी झाली होती. साडूंनी गाडी थांबवली. चष्मा पुसला. आम्हा सर्वांकडं पाहिलं. आणि खटका फिरवून लॉकवर आणला. डॅशबोर्डवर दिवा लागला. मेव्हणीनं नकळत देवाचं नाव घेतलं.

गाडी जोरात निघाली, अर्ध्यापर्यंत चढली आणि थांबली. टू-व्हील-ड्राइव्ह गाडी असती तर दोनच चाकं जागेवर फिरली असती. इथं चारही चाकं एकमतानं फिरली. मागं ढकलायला उतरलेला डेन्व्हरकर डोक्यापासून बुटापर्यंत तांबडा झाला. त्याची ती पांढरी टोपी, तिच्यावर सुबारूचे सहा तारे होते, त्यातला एकही दिसेना.

"थ्रॉटल कमी करा मामा!"

"तू शिकवू नकोस!"

"ट्रॅक्शन कंट्रोल ऑफ करा!"

"अरे ते कुठंय ते सांग की!"

एवढ्यात खालून एक जुनी ओम्नी आली. मागं तांदळाची पोती, गॅसचा सिलिंडर, वर दोन कोंबड्या. चालवणारा अनवाणी, एका हातात फोन. त्यानं आमच्या बाजूच्या चाकोरीतून, बोलणं न थांबवता, ओम्नी वर नेली. वर जाऊन फोन ठेवला आणि खाली चालत आला. माझ्यापुरता प्रवास इथं सार्थकी लागला.

त्यात जादू नव्हती, हे भाच्यानं नंतर सांगितलं. ओम्नीची मागची चाकं ओढतात आणि चढावर वजन मागंच येतं, त्यात पोत्यांचं वजन बरोबर त्याच चाकांवर. शिवाय तिचे टायर अरुंद, ते चिखल कापून खालच्या घट्ट जांभ्यापर्यंत पोचतात. डस्टरचे रुंद टायर वरच्या वर तरंगत बसले. पण हे सगळं विज्ञान. ओम्नीवाल्यानं साडूंच्या टायरवर नुसता अंगठा फिरवला.

"साहेब, गोटा झालाय."

साडू वाकले. टायरवर एके काळी नक्षी होती याची खूण काठाला थोडी उरली होती. ज्या माणसानं चारही चाकांना ताकद कशी पोचते याची पुस्तिका पाठ केली, त्यानं चाकांना बाहेरून काय लावलंय ते पाहिलंच नव्हतं. ओम्नीवाल्यानं चारही टायरची हवा जराशी सोडली. टायर पसरला की जमीन जास्त धरतो. मग चाकांपुढं झाडाच्या डहाळ्या अंथरल्या, आपली दोन पोती आमच्या डिकीत टाकली आणि साडूंना म्हणाला, "आता हळू. रेस देऊ नका. मधे थांबू पण नका." गाडी वर गेली. डस्टरचा पहिला गिअर मुद्दाम आखूड ठेवलेला आहे, तो अशा वेळी कामाला येतो. हे साडूंनी वर पोचताच सांगितलं आणि आम्ही सगळ्यांनी ते मान्य केलं, कारण डिकीत अजून दुसऱ्याचा तांदूळ होता.

पलीकडं उतार होता. तिथं भाचा गंभीर झाला. "मामा, ब्रेक जपून. ऑल-व्हील-ड्राइव्ह निघायला मदत करतं, थांबायला नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतो." त्यांच्याकडं पहिला बर्फ पडला की रस्त्याकडेच्या चरात पडलेल्या गाड्यांत ऑल-व्हील-ड्राइव्हवाले बरेच असतात म्हणे. त्यांना निघताना काही जाणवत नाही, म्हणून वेगात जातात. शहाणी माणसं थंडीआधी चारही चाकांना बर्फाचे टायर घालतात. "तू घालतोस?" साडूंनी विचारलं. भाचा म्हणाला, "या वर्षी घालणार आहे." मामा-भाच्यांत समेट झाला तो इथं.

घरी पोचलो तर यजमानीणबाईंनी पायरीवरच थांबवलं आणि मिठाची वाटी पुढं केली. मला वाटलं दृष्ट काढणार. पण त्या आमच्या पायांकडं बघत होत्या. आम्हा सगळ्यांच्या पायांवर जळवा. माझ्या मोज्याच्या विणीतून एक बारीक सुतासारखी आत शिरलेली, ती आत जाऊन टपोरी झाली होती. मीठ लावताच गळून पडली, पण रक्त वाहतच राहिलं. जळूच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. भाच्याच्या डाव्या पायावर सर्वांत जास्त निघाल्या. यजमान शांतपणे म्हणाले, "पाहुणं गोड आहे."

रात्री चुलीवरच्या भाताबरोबर उकडलेली मुडली वाढली. हा इथल्या कुणब्यांचा कंद, चांगला दंडाएवढा. तूप, मीठ आणि लाल मिरचीची चटणी. त्याच्यापुढं कुंद्याचा डबा तसाच राहिला. बाहेर पाऊस पत्र्यावर कोसळत होता आणि आत साडू, भाचा आणि ओम्नीवाला (हा यजमानांचा मावसभाऊ निघाला) टायरवर बोलत होते. जीआर कोरोला, गोल्फ आर, जिम्नी, व्हिटारा यांतलं एकही नाव निघालं नाही. ओम्नीवाला फक्त एकदा म्हणाला, "तुमची गाडी चांगली आहे साहेब. विकणार असाल तर सांगा."

साडू रात्रभर झोपले नाहीत, असं मेव्हणी सांगते. दुसऱ्या दिवशी अणशी घाट उतरून कद्र्यावरून कारवार गाठलं. रस्ता डांबरी, खटका टू-डब्ल्यूडीवर, घाटात धुकं, त्यामुळं सांगण्यासारखं काही नाही. बेळगावात परतल्यावर साडूंनी चार नवे टायर घातले. ओम्नीवाल्याचा फोन दोनदा आला. त्याची किंमत साडूंना अपमानास्पद वाटते आणि साडूंची त्याला विनोदी.

तेव्हा वाचकांपैकी कुणाला हवी असेल तर सांगून ठेवतो: डस्टर, ऑल-व्हील-ड्राइव्ह, डिझेल, एकच मालक, वापर कचेरीपुरता, टायर नवे, लॉकचा खटका एकदाच फिरवलेला. गाडी बघायला या, पण रविवारी या आणि जेवून या. साडू तुम्हाला आधी माहिती देतील.