आण तो फोन इकडे

"आण तो फोन इकडे," म्हणून हात पुढे करणारा एक माणूस प्रत्येक कुटुंबात असतो. आमच्याकडे ते भाऊजी. बारसं असो, वास्तुशांत असो की तेरावा, भाऊजी जेवतात, आंचवतात आणि ज्याने नवा मोबाइल घेतलाय त्याच्या शेजारी येऊन टेकतात. आधी काचेवर 'हाः' करून फोन शर्टाला घासायचा. मग मान वर न करता विचारायचं, "पासवर्ड?"

इथे अर्धं घराणं घायाळ होतं. काकूंचा पासवर्ड लेकीला ठाऊक, लेक लोकलमध्ये. मामांचा डायरीत, डायरी गावच्या घरात. बदलायचा म्हटलं तर ओटीपी जातो मामांनी कधीच सोडून दिलेल्या जुन्या नंबरावर. भाऊजींनी एकदा त्या नंबराला फोन लावला. सांगलीच्या कुणा बाईंनी उचलला. त्यांनी ओटीपी दिला नाही (शहाण्या बाई), पण त्यांच्याही मोबाइलवर मेल बसत नव्हता. भाऊजींनी अर्धा तास खर्चून तो बसवून दिला. मामांचा अजून बसायचाय.

जीमेलसारखा मेल हल्ली आपोआप जोडला जातो, त्यात भाऊजींना रस नाही. मेल 'मॅन्युअली' लावायचा असला की ते खुलतात. जुन्या पुणेकराला पीएमटीच्या बसचे नंबर असावेत तसे त्यांना पोर्टचे आकडे पाठ. "यायला ९९३, जायला ४६५, ती चुकली तर ५८७." मेल आणायच्या दोन तऱ्हाही ते समजावतात: आयमॅप म्हणजे वाचनालयात बसून पेपर वाचणं, पेपर तिथेच राहतो. पॉप म्हणजे तो घडी करून घरी आणणं. मग दुसऱ्याने कुठे शोधायचा?

पण खरा रंग चढतो ऑफिसचा मेल लावताना. आतेभावाच्या फोनवर सूचना आली, की कंपनी यातला मजकूर दुरून पुसू शकेल. आत्या पदर खोचून आली. "म्हणजे मुंजीचे फोटो जाणार?"

"नाही हो आत्या. वर्क प्रोफाइल केलंय. ही ब्रीफकेसची खूण असलेली ॲप्स म्हणजे सोवळं. बाकी सगळं ओवळं. कंपनी पुसणार ते फक्त सोवळ्यातलं. तिने मनाई केली असेल तर इकडचं तिकडे कॉपीसुद्धा होत नाही."

आत्याला कळलं इतकं चटकन आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं. कळलं नाही ते तिच्या मुलाला. त्याने दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज ओवळ्यातल्या जीमेलवरून धाडला आणि मॅनेजरला तो कॉलेजातल्या 'रॉकिंग राजा'कडून मिळाला. भाऊजी एवढंच म्हणाले, "आहेराच्या पाकिटावर नाव बघतोस ना? मग 'फ्रॉम'मध्ये बघायला काय होतं?"

गेल्या रविवारी दुपारी मटणाचा पहिला घास हातात आणि माझा फोन थरथरला. साहेबांचा मेल, 'अर्जंट'. मी चरफडत उठलो. भाऊजी शांतपणे नळी ओढत होते.

"तुम्हाला नाही येत असले मेल?"

"माझ्या फोनला ऑफिसचा मेल बसतच नाही रे," ते म्हणाले. "आयटीवाले आठ महिने खटपट करतायत बिचारे. रस्सा वाढ जरा."