उबदार फरशीचं पथ्यपाणी

जर्मनीत हीट पंप आणि फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या असलेलं घर घेतल्याबद्दल अभिनंदन. पुढील सूचना कर्त्या पुरुषाने बायकोसमोर मोठ्याने वाचाव्यात. मोडणार तोच आहे.

१. यंत्र समजून घ्या. फ्रिजच्या मागे हात लावा, कोमट लागेल. तोच प्रकार इथे घराबाहेर बसवलाय. तो अंगण गार करून तिथली ऊब तुमच्या पायाखाली आणतो. एक युनिट विजेत तीन-चार युनिट उष्णता. झुरिकच्या टाउन हॉलमध्ये असा पंप १९३८ सालीच बसला होता, हे पाहुण्यांना चहाआधी सांगावं.

२. थंडी वाजली की थर्मोस्टॅट २४वर नेऊ नये. हा गॅस नाही, की ज्योत मोठी केली आणि दूध वर आलं. नळ्यांवरचा सिमेंटचा थर तापायला तासन्‌तास लागतात. सकाळी सात वाजता मागवलेली ऊब दुपारी हजर होते. तेव्हा खिडकीतून ऊन आलेलं असतं आणि तुम्ही ऑफिसात.

३. खरी किल्ली म्हणजे हीटिंग कर्व्ह. बाहेर जितका गारठा, तितकं नळीतलं पाणी गरम, हे ठरवणारी रेषा. रेडिएटरला ५०-५५ अंश लागतात, फरशीला ३५च्या आसपास पुरतात. रेषा एक खूण वर किंवा खाली करा आणि दोन दिवस थांबा. दोन तास नव्हे.

४. रिकाम्या खोलीतला दिवा घालवायचा, हे बाळकडू इथे विसरा. खोल्याखोल्यांतल्या नळ्या बंद केल्या की पाण्याला फिरायला वाट उरत नाही. पंप उचक्या लागल्यासारखा चालू-बंद होतो आणि वीज जास्त खातो.

५. बाहेरच्या पेटीतून वाफा निघाल्या तर अग्निशमन दलाला फोन करू नये. ती अंगावरचा बर्फ वितळवते आहे.

६. पुण्याहून आलेली आई फरशीला हात लावून विचारेल, "अरे, गरम कुठाय?" फरशी २५ अंशांवर, तळहात त्याहून ऊन, गारच लागणार. वाद घालू नये. सोफ्यावरची शाल घडी करून ठेवली गेली की समजावं.

७. तरीही कर्व्ह हलवायला हात शिवशिवले, तर जिथून नळ्यांना फाटे फुटतात त्या भिंतीतल्या कपाटात विरजणाचं पातेलं ठेवावं. आईने ठेवलं होतं. रात्री मी झाकण उघडायला गेलो, तर अंधारातून आवाज आला, "हलवू नकोस रे!"

कर्व्हबद्दल पंपाच्या पुस्तिकेतही हेच लिहिलंय, फक्त जर्मनमध्ये.