पहिला नंबर कुणाचा?

घरातला माणूस दारूत बुडाला की सोलापूरकर पूर्वी डॉक्टरकडे जायचा, नाहीतर बुवाकडे. आता तो गूगलकडे जातो. बुवा निदान तोंड तरी दाखवायचा!

'व्यसनमुक्ती केंद्र सोलापूर' असं टाका. वरच्या ओळींवर बारीक अक्षरात 'प्रायोजित' दिसलं, तर ती जागा पैसे मोजून घेतलेली. रात्री अकराला घाबरलेली बायको बारीक अक्षरं वाचत बसते होय?

त्याखाली नकाशा. गूगलच सांगतं, इथला क्रम तीन गोष्टींवर ठरतो: तुमच्या शोधाशी जुळणं, अंतर आणि नावाचा बोलबाला. माणूस बरा झाला का, हे त्या तिन्हींत नाही.

मग अभिप्राय बघू. नवऱ्याला केंद्रात ठेवल्याचं शेजारणीलाही कळू न देणारे आपण. आणि इथे? नावानिशी पाच तारे, 'अतिशय सुंदर सेवा'.

एवढे धीट नातेवाईक आले कुठून?

'पेशंटला घरून उचलून नेऊ' हीही एक सेवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार रुग्णाच्या संमतीशिवाय दाखल करायचं, तर मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर अशा दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावं लागतं. उचलायला आलेल्या जीपमध्येही दोघं असतात. पण पैलवान.

याच कायद्यानं नोंदणी सक्तीची केली. बिननोंदणीचं केंद्र पहिल्यांदा सापडलं तर दंड ५ हजार ते ५० हजार. एका पेशंटची महिन्याची फी विचारून बघा, दंड किती झोंबत असेल ते कळेल.

अमेरिकेत दलाल रुग्णांचा बाजार मांडतात, असा बभ्रा झाल्यावर २०१७ मध्ये गूगलनं तिथल्या व्यसनमुक्तीच्या जाहिरातींना लगाम घातला. पुढच्या वर्षी तपासणीच्या अटीवर दार पुन्हा उघडलं. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

पुण्यात १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, तेव्हा गूगल जन्मायचं होतं. लोकांना पत्ता सापडलाच ना? आपल्या सिव्हिलमध्येही मानसोपचार विभाग आहे. तिथे गूगलमध्ये नंबर वर आणायला माणूस नेमावा लागत नाही, रांगेत उभं राहावं लागतं.

आणि 'सात दिवसांत शंभर टक्के गॅरंटी'वाल्यांपासून चार हात लांबच. रोज पिणाऱ्याची दारू डॉक्टरविना एकदम तोडली तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. गॅरंटी कार्ड मग कुणाला दाखवणार?

तेव्हा केंद्राला फोन लावलात तर फीच्या आधी दोन गोष्टी विचारा: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक काय, आणि डॉक्टर कोण? पलीकडचा अडखळला तर फोन ठेवा आणि १४४१६ फिरवा. सरकारची टेली-मानस सेवा आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही.