अँटी-चीटवाल्या साहेबांस, गांधीबागेतून

साहेब,

तुमचं नाव मला ठाऊक नाही, पण काम पक्कं ठाऊक आहे. एखाद्या बड्या ऑनलाइन खेळाच्या कंपनीत अँटी-चीटच्या, म्हणजे खेळातली फसवणूक रोखणाऱ्या प्रोग्रामच्या, निर्णयावर शेवटची सही तुमची असते. 'लिनक्सवाले नकोत' हे तुम्ही ठरवता. मग खेळ सुरू होत नाही तेव्हा लोक लिनक्सला नावं ठेवतात आणि तुम्ही त्या गलक्यामागे निवांत बसून राहता. फार वर्षं बसलात. म्हणून हे पत्र थेट तुम्हाला.

मी नागपूरच्या गांधीबागेत राहतो. ठोक कापडाचा बाजार. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं, आणि बहुतेक दुकानांत बिलांसाठी एक संगणक. रात्री शटर पडलं की तोच संगणक घरच्या पोट्ट्यांच्या ताब्यात जातो. आमच्या गल्लीतले असे बरेच संगणक २०१६-१७ च्या सुमारास घेतलेले, इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते, सुरक्षेसाठी टीपीएम २.० लागतं. म्हणजे धडधाकट चालणारी यंत्रं कागदोपत्री भंगारात निघाली. कापडाच्या धंद्यात चार पैसे कसे सुटतात हे ज्याला कळतं, तो चालू यंत्र फेकत नाही. मी गल्लीतल्या काही संगणकांवर लिनक्स मिंट टाकून दिलं. बिलं ब्राउझरमधून निघू लागली, प्रिंटर जोडताक्षणी चालला, यंत्र पूर्वीपेक्षा चपळ झालं. आणि मग प्रत्येक घरातून तोच प्रश्न आला: "भाऊ, यावर गेम चालते का?"

साहेब, दहा-बारा वर्षांपूर्वी या प्रश्नाला उत्तर देताना मान खाली जायची. खेळ विकणारं 'स्टीम' लिनक्सवर आलं २०१३ मध्ये, पण खेळ मोजकेच होते. आता तसं राहिलेलं नाही, आणि त्यात तुमचा काडीचाही हात नाही. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या 'वाइन'चं काम १९९३ पासून चालू आहे. जगभरच्या माणसांनी त्यात आपल्या रात्री घातल्या, अनेकांनी एक पैसा न घेता. फिलिप रेबोले नावाच्या प्रोग्रामरला 'निअर: ऑटोमाटा' हा खेळ लिनक्सवर खेळायचा होता, म्हणून त्याने 'डीएक्सव्हीके' लिहायला घेतलं. विंडोजच्या डायरेक्टएक्सची ग्राफिक्सची भाषा लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कनमध्ये उलटवून देणारं ते काम इतकं चोख निघालं की व्हॉल्व्ह कंपनीने ते उचललं, वाइनशी जोडलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये 'प्रोटॉन' बाहेर आणलं. २०२२ मध्ये त्याच पायावर स्टीम डेक हे हातात धरायचं यंत्र आलं, ज्याच्या आत लिनक्सच आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेली 'राजी' घ्या. आपल्याकडच्या पुराणकथांवर उभा राहिलेला तो देखणा खेळ माझ्या मिंटवर विनातक्रार चालतो. एकट्याने खेळायच्या खेळांपैकी बहुतेकांची हीच कथा आहे. ज्या खेळांच्या कर्त्यांनी लिनक्सचा विचारही केला नव्हता, ते खेळ या माणसांनी लिनक्सवर चालवून दाखवले.

अडतं कुठे, ते मी एका संध्याकाळी शेजारच्या पोट्ट्याच्या मागे उभा राहून पाहिलं. खेळाचं नाव सांगत नाही. त्याने स्टीमच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रोटॉन निवडला. शेडर तयार होण्याची पट्टी सावकाश सरकत शंभर टक्क्यांवर पोचली. खेळ उघडला. संगीत वाजलं, पात्र उभं राहिलं, त्याने जाकीट बदललं, टोपी बदलली. मित्रांच्या पथकात त्याचं नाव लागलं, हेडफोनमधून त्यांचा ओरडा मला बाहेर ऐकू येत होता. सामना सुरू झाला आणि दहा सेकंदांत पडद्यावर राखाडी चौकट आली: सर्व्हरने संपर्क तोडला आहे. खाली एक आकडा, बाकी काही नाही. पोट्टा मागे वळून म्हणाला, "काहून?"

ग्राफिक्स कार्डाने आपलं काम केलं होतं, प्रोटॉननेही केलं होतं, इंटरनेट ठणठणीत होतं. त्याला बाहेर काढलं तुम्ही.

आता तुम्ही म्हणाल की लिनक्ससाठी अँटी-चीट लिहायला माणसं लागतात, पैसा लागतो. ते काम कधीच झालंय, साहेब. २३ सप्टेंबर २०२१ ला एपिक या खेळांच्या कंपनीने जाहीर केलं की 'ईझी अँटी-चीट' आता लिनक्सवर आणि प्रोटॉनवर चालेल. त्याच आठवड्यात 'बॅटलआय'वाल्यांनीही तेच सांगितलं. दोघांचं म्हणणं एकच: खेळाच्या मालकाने हो म्हणावं, बाकी आम्ही बघतो. 'एल्डन रिंग' ईझी अँटी-चीट लावूनही स्टीम डेकवर चालते. म्हणजे मार्ग आहे, तो वापरात आहे, आणि त्यावरून जाऊ द्यायचं की नाही एवढंच तुमच्या हातात उरलं आहे.

आणि तुम्ही लोकांनी काय केलंत? सप्टेंबर २०२४ मध्ये 'जीटीए ऑनलाइन'ला बॅटलआय लावलं आणि लिनक्सची परवानगी दिलीच नाही. पीसीवर २०१५ पासून विकला जाणारा खेळ. वर्षानुवर्षं आधी पैसे मोजलेल्या माणसाचा ऑनलाइन भाग एका मंगळवारी बंद पडला. 'एपेक्स लेजेंड्स' तर लिनक्सवर रीतसर चालत होता. ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी ईए कंपनीने तोही काढून घेतला. कारण दिलं की लिनक्स ही फसवणूक करणाऱ्यांची वाट झाली आहे. एपिकची गोष्ट तर सगळ्यात बोचरी. ईझी अँटी-चीट त्यांच्या मालकीचं, ते लिनक्सवर आणलं त्यांनीच, दुसऱ्यांना सांगतात वापरा म्हणून, आणि स्वतःचा 'फोर्टनाइट' मात्र लिनक्सला देत नाहीत.

'लीग ऑफ लेजेंड्स' लिनक्सवर वाइनमधून कित्येक वर्षं खेळला जात होता. मे २०२४ मध्ये तो बनवणाऱ्या रायट कंपनीने त्याला आपलं अँटी-चीट 'व्हॅनगार्ड' जोडलं आणि ते संपलं. तेव्हा रायटनेच आकडा दिला होता: लिनक्सवरून खेळणारे एका दिवशी आठशेच्या थोडे वर. आठशे माणसं! करोडोंच्या खेळात एवढ्या मूठभर लोकांची तुम्हाला भीती वाटली? आणि मॅकवर तोच खेळ कर्नलमध्ये, म्हणजे संगणकाच्या गाभ्यात, बसणाऱ्या ड्रायव्हरशिवाय चालू राहिला. ॲपल आपल्या कर्नलमध्ये परक्यांना सहजी घुसू देत नाही, तिथे तुम्ही गुमान दुसरी सोय शोधली. बड्या कंपनीपुढे मार्ग निघतो, लिनक्सवाल्यापुढे तत्त्व आठवतं.

तुमचा खरा मुद्दा मी टाळत नाही. लिनक्सचा कर्नल कोणीही बदलू शकतो, स्वतः बांधू शकतो. मग अँटी-चीटला जे दिसतं ते खरं कशावरून? एपिकच्या टिम स्वीनी यांनी २०२२ मध्ये साधारण हेच सांगितलं होतं. मुद्दा बरोबर आहे. चीट करणारा लिनक्सवर असतो, हेही बरोबर. चीटने खेळाचा किती सत्यानाश होतो ते मीही पाहिलंय. भिंतीआडून अचूक डोक्यात गोळी घालणारा भामटा भेटला की पोट्टे रडकुंडीला येतात. त्याला हाकलायलाच हवं.

पण हाकलण्यासाठी तुम्ही मागता काय? विंडोजच्या कर्नलमध्ये जागा. संगणकाचा गाभा, जिथून प्रत्येक फाइल, प्रत्येक कळ, सगळी मेमरी दिसू शकते. व्हॅनगार्डचा ड्रायव्हर तर खेळ उघडण्याची वाटही पाहत नाही, संगणक सुरू होतानाच सुरू होतो. आमच्या बाजारात एखाद्या दुकानदाराने म्हटलं की माझ्याकडे तागे चोरीला जातात, म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाने घराची किल्ली गल्ल्यावर जमा करावी, तर लोक त्याची पायरी चढणार नाहीत. तुम्ही हीच अट घालता, वर त्याला सुरक्षा म्हणता.

त्या सुरक्षेचा इतिहासही बघू. २०१३ मध्ये ईएसईए या काउंटर-स्ट्राइकच्या स्पर्धा भरवणाऱ्या कंपनीच्या अँटी-चीट क्लायंटमध्ये बिटकॉइन खणणारा कोड सापडला. खेळाडूंची वीज, खेळाडूंची कार्डं, कमाई दुसऱ्याची. न्यू जर्सी राज्याने कारवाई केली आणि प्रकरण दहा लाख डॉलरच्या तडजोडीवर मिटलं. २०२२ मध्ये ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीने उघड केलं की 'गेन्शिन इम्पॅक्ट'चा अँटी-चीट ड्रायव्हर खंडणीखोर हॅकर वापरत आहेत. तो ड्रायव्हर सही-शिक्क्याचा, म्हणून विंडोज त्याच्यावर विश्वास ठेवायचं आणि चोर त्याच्याच मदतीने अँटीव्हायरस बंद पाडायचे. ज्याच्या संगणकावर तो खेळ कधी नव्हताच, त्यालाही धोका. १९ जुलै २०२४ आठवतो? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले आणि आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिण्याची पाळी आली. ती कंपनी खेळांची नव्हती, पण तिचा ड्रायव्हर बसला होता तो कर्नलमध्येच. तिथे बसणाऱ्याची एक चूक सगळ्यांना पुरते.

आणि एवढं करून चीट थांबलं का? थांबलं नाही. पट्टीचे भामटे आता डीएमए कार्ड लावतात. ते कार्ड दुसऱ्या संगणकाला जोडून मेमरी परस्पर वाचतात, खेळाच्या संगणकावर काही चालवावंच लागत नाही. हे विंडोजवर चालतं, साहेब. तुमच्या आवडत्या, कुलूपबंद विंडोजवर. व्हॉल्व्हचा 'काउंटर-स्ट्राइक २' कर्नलला हात लावत नाही आणि थेट लिनक्ससाठी बनलेला आहे. त्यातही चीट करणारे आहेत आणि लोक त्यांच्या नावाने बोटं मोडतात. पण त्यासाठी कुठल्या खेळाडूला यंत्र बदलायला सांगितलेलं नाही.

मला जो उपाय पटतो तो तुमच्याच लोकांनी लिहून ठेवला आहे. 'व्हॅलोरंट'मध्ये रायटच्या अभियंत्यांनी अशी व्यवस्था केली की भिंतीआडचा शत्रू कुठे आहे हे सर्व्हर तुमच्या संगणकाला शक्यतो शेवटच्या क्षणापर्यंत सांगतच नाही. जी माहिती यंत्रात आलीच नाही ती चोरणार कोण? हा उपाय सर्व्हरवर राहतो, कोणाच्या घरात शिरत नाही, आणि समोर विंडोज आहे की लिनक्स याने त्याला फरक पडत नाही. सगळं चीट याने थांबत नाही, नेम धरून देणारे प्रोग्राम उरतातच. त्यांच्यासाठी खेळण्याची पद्धत सर्व्हरवर तपासता येते. हे काम अवघड आहे, खर्चाचं आहे. खर्च तुम्ही करायचा की आम्ही, एवढाच वाद आहे, आणि आजवर तुम्ही तो आमच्या अंगावर ढकलत आला आहात.

फोनचा हिशेब द्या आता. तुमच्यातल्या कित्येकांचे खेळ अँड्रॉइडवर आहेत. फोर्टनाइट आहे. गांधीबागेत दुपारी गिऱ्हाईक नसलं की दुकानातली पोरं बीजीएमआय उघडून बसतात. अँड्रॉइडचा कर्नल लिनक्सचाच आहे. तिथे तुम्हाला लिनक्स चालतं, कारण बहुतेक फोन त्यांच्या मालकांना आतून उघडता येत नाहीत. म्हणजे तुमचं भांडण लिनक्सशी नाहीच. ज्या यंत्रावर मालकाचा शब्द शेवटचा असतो त्या यंत्राशी आहे. हे सरळ बोला. 'स्वतःचा संगणक स्वतःच्या ताब्यात ठेवणारा माणूस आम्हाला गिऱ्हाईक म्हणून नको' असं जाहिरातीत छापा. मी त्या प्रामाणिकपणाचा मान राखीन.

'लिनक्सवर खेळतंच कोण' हेही जुनं झालं. ऑक्टोबर २०२५ च्या स्टीमच्या पाहणीत लिनक्सचा वाटा पहिल्यांदा तीन टक्क्यांपुढे गेला. तुम्ही दारात उभे राहून माणसं परत पाठवत असताना गेला. विंडोज १० वाली आणखी यंत्रं याच वाटेने येणार आहेत, कारण दर वेळी नवा संगणक घेण्याइतकी आमच्या गल्लीची ऐपत नाही, आणि असती तरी चालू यंत्र का फेकावं याचं कारण मला अजून कोणी दिलेलं नाही.

तुमच्याकडून मला हव्या आहेत त्या गोष्टी साध्या आहेत. ज्या खेळाला ईझी अँटी-चीट किंवा बॅटलआय आधीच लावलंय, त्याची लिनक्सची परवानगी द्या. फसवणूक वाढली तर फसवणाऱ्याचं खातं बंद करा, सगळ्या लिनक्सवाल्यांना गुन्हेगार ठरवू नका. कर्नल ड्रायव्हर असेल तर विक्रीच्या पानावर सांगायचं असा नियम स्टीमने २०२४ मध्ये केला, तो फार उशिरा आला. त्याच्या शेजारी दुसरी ओळ तुम्ही स्वतःहून लिहा: लिनक्सवर चालतो की नाही, आणि उद्या बंद करणार असाल तर काय. आणि विकताना चालणारा खेळ मागाहून तुम्ही बंद पाडलात, तर पैसे परत करा, मग विकून दोन तास झाले असोत की दहा वर्षं.

शेजारच्या पोट्ट्याने त्या खेळाचे पैसे मामाने भाऊबीजेला दिलेल्या नोटांतून भरले होते. परताव्याची मुदत होती, म्हणून मी त्याचा अर्ज त्याच रात्री भरून घेतला. कारणाच्या रकान्यात त्याने काय लिहू असं विचारलं. मी सांगितलं, जे झालं तेच लिही: माझा संगणक चालतो, यांनी खेळू दिलं नाही.

आपला,
गांधीबागेतला एक लिनक्सवाला
नागपूर