ग्रूप सोडून गेलेल्या सभासदास अनावृत पत्र

प्रति,
मा. सभासद (सध्या अज्ञातवासात),
सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रूप, इंदिरानगर, नाशिक.

विषय : आपण ग्रूप सोडल्याचे कोणाच्याच लक्षात न आल्याबाबत.

महोदय,

आपण सोशल मीडियाचा त्याग केला आणि सोसायटीत कोणाला पत्ताही लागला नाही, याबद्दल आधी दिलगिरी. दोष शेजाऱ्यांचा नाही. पूर्वी कोणी ग्रूप सोडला की सगळ्यांच्या पडद्यावर तशी ओळ उमटे. मग 'काय झालं हो काका?' अशी विचारपूस, हात जोडलेली चार चित्रं, आणि रात्रीच्या जेवणाआधी समजूत काढून पुन्हा भरती. रुसणाऱ्याला प्रेक्षक मिळत. ऑगस्ट २०२२ मध्ये व्हॉट्सॲपने ही सोय मोडीत काढली. आता कोणी निघून गेल्याची वर्दी फक्त ॲडमिनला जाते, आणि आपले ॲडमिन तेव्हा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याशी हुज्जत घालत होते.

तरी आपण बसलात ती पंगत मोठ्यांची आहे. आमिर खानने १५ मार्च २०२१ रोजी, वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, सोशल मीडियाचा निरोप घेतला. निरोप अर्थातच सोशल मीडियावरून दिला, आणि पुढची खबरबात निर्मितीसंस्थेच्या खात्यावर मिळेल असेही कळवले. त्याच्या वर्षभर आधी, २ मार्च २०२० च्या रात्री, पंतप्रधानांनी सगळी खाती सोडण्याचा विचार असल्याचे ट्विट केले. देशभर हलकल्लोळ. दुसऱ्याच दिवशी खुलासा आला, की महिला दिनापुरती ही खाती कर्तबगार स्त्रियांच्या हाती द्यायची आहेत. त्या स्त्रियांत बंजारा भरतकामाची कला जपणाऱ्या महाराष्ट्राच्या विजया पवारही होत्या. हे सोडणे सत्कारणी लागले म्हणायचे.

जानेवारी २०२१ मध्ये तर घराघरांतून स्थलांतर सुरू झाले होते. व्हॉट्सॲपच्या नव्या गोपनीयता धोरणाची बातमी आली, इलॉन मस्कने दोन शब्दांत 'सिग्नल' वापरा म्हणून सांगितले, आणि ज्यांनी कधी विजेच्या बिलामागचा मजकूर वाचला नव्हता ते गोपनीयतेवर बोलू लागले. कंपनीने ८ फेब्रुवारीची मुदत १५ मेपर्यंत ढकलली. तोवर सिग्नलवर पोचलेल्या मंडळींना तिथे बोलायला कोणी सापडेना. मोबाइल बदलताना ते ॲप मागे राहिले, ते राहिलेच.

माणूस परत का येतो, याची कारणे इंदिरानगरात मोजून दाखवता येतात. शनिवारी पाणी येणार नाही, हे ग्रूपवर कळते. घंटागाडी आज उशिरा आहे, नातवाच्या शाळेने गृहपाठ पाठवलाय, बोगद्यात कोंडी आहे तेव्हा दुसऱ्या रस्त्याने या, हेही तिथेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये शेजारच्या गोविंदनगरात बिबट्या आला, त्याला वनखात्याने पकडून नेले. तो बिबट्या खरा होता. त्यानंतर ग्रूपवर फिरलेल्या बिबट्यांपैकी किती खरे होते, हा प्रश्न वेगळा. पण अंधारात कचरा टाकायला निघालेला माणूस तेवढी चिकित्सा करत बसत नाही, आधी फोन पाहतो. सोसायटीच्या फलकावर अजून मागच्या गणेशोत्सवाची वर्गणीयादी लटकते आहे, तेव्हा त्या फलकाच्या भरवशावर राहून संन्यास टिकायचा नाही.

पण आपण उबगून गेलात ते उगाच नाही, हेही कबूल. गुड मॉर्निंगच्या गुलाबांचा विषय सोडा. १ जुलै २०१८ रोजी आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. अशा अफवा तेव्हा मोबाइलवरून गावोगाव फिरत होत्या. त्याच रात्री मालेगावात अशाच संशयावरून पाच जणांना जमावाने घेरले. त्यांत एक लहान मूल होते. पोलिसांनी त्यांना वाचवले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच चॅटमध्ये पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. गोंदियातल्या एका प्रकरणात २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितले, की सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराला केवळ ॲडमिन असल्यामुळे ॲडमिन जबाबदार धरता येणार नाही. आपल्या ॲडमिननी तो निकाल ग्रूपवर टाकला आणि वर पिन करून ठेवला.

सोडल्याने बरे वाटते का? अमेरिकेत २०१८ च्या निवडणुकीआधी अर्थतज्ज्ञांनी काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावले. त्यांचा दिवसाकाठी सुमारे तासभर वाचला, मन थोडेसे सुधारले, आणि बातम्यांचे ज्ञान घटले. थोडेसेच सुधारले, हे ध्यानात घ्यावे. जाण्याआधी आपण जी निर्वाणावस्था सांगत फिरत होतात, तिचा तिथे उल्लेख नाही.

खरी मेख २०२३ च्या एका अभ्यासात आहे. हजाराहून अधिक अमेरिकी विद्यार्थ्यांना विचारले, की चार आठवडे टिकटॉक सोडायचे काय घ्याल? सरासरी ५९ डॉलर. इन्स्टाग्रामचे ४७. मग विचारले, की तुमच्याबरोबर सगळ्यांचेच बंद झाले तर? तेव्हा हीच मुले उलट स्वतःच्या खिशातून टिकटॉकसाठी २८ आणि इन्स्टाग्रामसाठी १० डॉलर द्यायला तयार झाली. एकट्याने बाहेर पडायचे तर भरपाई हवी, सगळे पडणार असतील तर वर्गणी देऊ! आपली चूक इथे झाली, महोदय. आपण एकटे गेलात.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने ही चूक केली नाही. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि गाव टीव्ही-मोबाइल बाजूला ठेवते. साडेआठला पुन्हा भोंगा, पुन्हा मोबाइल. मुले तेवढा वेळ अभ्यास करतात. सरपंच विजय मोहिते यांनी पुढाकार घेतला, आणि सुरुवातीला शिक्षक, अंगणवाडी सेविका व आशाताई घरोघर फिरल्या. कोणी ग्रूप सोडला नाही, कोणी रुसले नाही, आणि दीड तास कोणाचे काही चुकलेही नाही, कारण चुकण्यासारखे कोणी काही टाकतच नव्हते.

आपण परत यालच, तेव्हा ते निमित्त साधून इंदिरानगरात असा भोंगा बसवावा, अशी सूचना आली आहे. अडचणी आहेत. साताला निम्मे सभासद बोगद्याच्या अलीकडे अडकलेले असतात, आणि तिथे हॉर्नच्या गजरात कसला भोंगा ऐकू येणार? शिवाय खर्चाचे काय? अमेरिकेतली मुले २८ डॉलर, म्हणजे दोन हजारांहून जास्त रुपये, खुशीने द्यायला निघाली. इथे देखभाल शुल्काची थकबाकी वसूल होत नाही. दुसऱ्या मजल्याचे म्हणणे, भोंगा आधी तिसऱ्या मजल्यापुरता लावून पाहावा. तिसऱ्या मजल्याने यावर अद्याप उत्तर दिलेले नाही, फक्त निळ्या खुणा दिसतात.

आपला अभिप्राय कागदावर लिहून सचिवांच्या घरी पोचवावा. दुपारी दोन ते चार घंटी वाजवू नये.

कळावे, लोभ असावा.

सचिवांकरिता