प्रश्न येतोच आहे

विलेपार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ सालचा. मॅजेस्टिक गप्पाही पार्ल्याच्याच. थोडक्यात, इथला श्रोता मुरलेला. पाहुणा संपादक असो वा कादंबरीकार, ‘लोकशाहीचं काय होणार’ यावर तो तासभर बोलतो आणि सभागृह माना डोलावतं. खरा कार्यक्रम पुढेच, प्रश्नोत्तरांत. माइक हाती आलेले काका आधी स्वतःचा परिचय देतात, मग आणीबाणी, गिरणी संप, नातवाचं इंग्रजी माध्यम. सूत्रसंचालक चाचरत विचारतो, “प्रश्न?”

“तोच तर येतोय!”

तोवर बोरिवलीकरांना स्लो लोकल खुणावू लागते. मुलुंडकर तर केव्हाच उठलेले, त्यांना दादरचा पूल ओलांडायचा असतो. लोकशाहीचं उत्तर राहून जातं. काका मात्र पाहुण्याला गाडीपर्यंत सोडायला निघतात, उत्तरार्ध ऐकवत.